मामाजींनी काचेवर भरलेला खटला

सर्व सुजाण वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरात कंदील, औषधाची बाटली किंवा आरसा आहे अशांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की काच या पदार्थाची चौकशी अद्याप पुरी झालेली नाही. ती गोंदिया मुक्कामी, रेल्वे फाटकापलीकडच्या एका कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात सुरू झाली, वर्षानुवर्षे चालली, तिची दखल सातासमुद्रापलीकडे घेतली गेली, आणि नेमकी निकालाच्या दिवशी ती अशा काही रीतीने बारगळली की आजही काचेचं नाव निघालं की मी आधी हसतो आणि मग हसल्याबद्दल थोडा ओशाळतो. चौकशी अधिकारी होते माझ्या बायकोचे मामा. त्यांच्याइतका संशयी माणूस या भूतलावर झाला नाही, आज नाही आणि पुढेही व्हायचा नाही. मी हे लिहितोय असं त्यांना कळलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न हाच केला असता, “हे छापून तुम्हाला काय भेटून राहिलं, जवाई?”

तेव्हा आमचं गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं आणि भंडारा मध्यप्रदेशात. गावात धानगिरण्यांचा कोंडा उडत असे, विड्यांच्या तंबाखूचा वास गल्लीगल्लीत मुरलेला असे, आणि स्टेशनच्या अलीकडे एक काचेचा कारखाना होता. तिथे कंदिलाच्या काचा तयार होत. मामाजींचं काम त्या पारखण्याचं. प्रत्येक काच उजेडासमोर धरायची, फिरवायची, आत बुडबुडा आहे का पाहायचं, मग नखाने टिचकी मारून कानाशी न्यायची. आवाज पटला तर पेटीत, नाही पटला तर फोडून पुन्हा भट्टीत. मालकाचं म्हणणं असं होतं की मामाजी आल्यापासून कारखान्यातून काच बाहेर जाण्यापेक्षा भट्टीत परत जास्त जाते. पण त्यांना काढायची त्याची हिंमत नव्हती, कारण काढलं तर ‘का काढलं’ याचा संशय मामाजींनी आयुष्यभर पुरवून पुरवून वापरला असता.

टिचकीची ही सवय कारखान्यापुरती राहिली असती तर मला काही म्हणायचं नव्हतं. मामाजी कुंभाराच्या माठाला टिचकी मारत, कलिंगडाला मारत, नव्या भिंतीला मारत, आणि रिक्षात बसण्याआधी रिक्षाच्या हॅन्डलला मारत. माझं लग्न ठरायच्या वेळी मुलाला पाहायला म्हणून तेच आले होते. माझ्या शिक्षणाबद्दल, शाळेतल्या नोकरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं, डाव्या बाजूने पाहिलं, उजव्या बाजूने पाहिलं, आणि माझ्या वडिलांसमोर माझ्या कपाळावर एक टिचकी मारून कान जवळ आणला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “बुडबुडा दिसत नाही. आवाज बरा आहे. पण बरा आवाज ऐकूनच मी जास्त घाबरतो.” लग्न झालं, पण त्या ‘पण’चा निकाल त्यांनी कधी दिला नाही.

दूधवाल्याला ते आपल्यासमोर आधी पेलाभर दूध प्यायला लावत आणि त्याला काही होतं का ते थोडा वेळ पाहत. तो रोज आनंदाने पिऊन जाई, आणि दिसामासाने त्याचे गाल वर आले तसा मामाजींना वेगळाच संशय येऊ लागला. वर्तमानपत्र ते दोन दिवस शिळं विकत घेत. आज छापलेलं उद्यापर्यंत खरं राहतं का हे एकदा बघितलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. घरात आरसा नव्हता. “जो डाव्याचं उजवं करून दाखवतो त्याच्या तोंडाला मी कायले लागू?” खरं तर आयुष्य काचेत घालवलेल्या या माणसाच्या घरात काचेची एक वस्तू नव्हती. खिडक्यांना लाकडी दारं, चहा पितळी पेल्यात. चहाने बोटं भाजत, पण मामाजी धोतराच्या सोग्यात पेला धरून पीत आणि पाहुण्यांनाही तसाच प्यायला लावत. कारण काचेबद्दल त्यांना एक अशी गोष्ट समजली होती की ती कळल्यावर कुणीही शहाणा माणूस काचेच्या पेल्याला ओठ लावणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

झालं होतं असं. मालकाच्या कचेरीत विलायतेहून एक मासिक येई. मालक त्यातली चित्रं पाही आणि मामाजी मजकूर वाचत. त्यांना इंग्रजी वाचता छान येई. बोलायची वेळ आली की मात्र त्यांना आपल्याच शब्दांचा संशय येई आणि ते मुके होत. त्या मासिकात त्यांनी वाचलं की मीठ, साखर, लोखंड असल्या पदार्थांच्या आत कण रांगेत बसलेले असतात, कवायतीला उभे राहिल्यासारखे. काचेच्या आत रांग नाही. वितळलेल्या रसात जसा गोंधळ असतो तसाच तो थिजलेला. म्हणून काही पंडितांना वाटतं की काच हा घन पदार्थ नव्हेच. ती फार दाट, फार सावकाश वाहणारी रसाची धार आहे, आणि वाहायची थांबलेली नाही. हे वाचून मामाजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, दार लावून घेतलं आणि कुजबुजले, “जवाई, इतकी वर्षं मी हिला उजेडात धरून पाहून राहिलो, टिचक्या मारून राहिलो, आणि ही माझ्यासमोर थांबल्याचं नाटक करून राहिली! हिला रंगेहात पकडल्याशिवाय मी सोडत नाही.”

अशा रीतीने काचेवर खटला उभा राहिला. मामाजींनी कारखान्यातून बोटाएवढी जाड, हातभर लांब अशी एक काचेची काडी करवून आणली. तिला उजेडात धरून, टिचक्या मारून, निष्कलंक असल्याची खात्री करून घेतली, म्हणजे पुढे तिला सबब राहायला नको. मग घरातल्या मधल्या खोलीत, भिंतीवरच्या दोन लाकडी खुंट्यांवर ती आडवी ठेवली आणि मधोमध तार अडकवून तारेला अडीच शेराचं लोखंडी वजन टांगलं. काडीच्या मागे एक दोरा ताणून बांधला. काच खरंच वाहत असेल तर वजनाच्या ओढीने काडी वर्षावर्षाला थोडी थोडी झोळ धरणार, आणि दोरा ते दाखवणार. वजन टांगताच काडी केसभर लवली. “हे पोटातलं पाप बाहेर यायला लागलं,” मामाजी म्हणाले, आणि त्यांनी खोलीच्या दाराला कुलूप आणलं.

त्यानंतर घरात जिवंत माणसांची किंमत जरा कमी झाली. मधल्या खोलीतून चालताना पाय आपटायचा नाही. शिंक आली तर अंगणात जायचं. रोज सकाळी देवपूजेच्या आधी मामाजी एक डोळा मिटून दोऱ्याच्या रेषेत काडी पाहत आणि बाहेर येऊन, कुणी विचारलेलं नसताना, कोर्टातल्या शिपायासारखं सांगत, “जैसे थे!” बाहेरच्यांना खोलीत मज्जाव होता. वर्षातून एकदाच पंचाईत येई, ती जेठ महिन्यात. पाऊस लागायच्या आधी आमच्या धानाच्या मुलुखात घराघरावरचे कवेलू फेरतात. जुने उतरवायचे, फुटके काढायचे, वरचे खाली आणि खालचे वर असे पुन्हा लावायचे. मामींचा भाऊ त्यासाठी कामठ्याहून चार गडी घेऊन येई. घर उघडं पडे, वरून धूळ आणि चिमण्यांची घरटी कोसळत, आणि काडी खुंटीवरून उतरवून ठेवण्याशिवाय इलाज नसे. मामाजींना त्या धुळीने एवढ्या शिंका येत की ते दिवसभर कारखान्यात जाऊन बसत. जाताना मामींना बजावत, “तुझ्याशिवाय कुणाचा हात लागता कामा नये. तूच उतरव, तूच फडक्यात गुंडाळ, तूच जागच्या जागी ठेव.” मामी कामठ्याच्या, शेतकऱ्याघरच्या. कमी बोलणाऱ्या आणि सांगितलेलं काम चोख करणाऱ्या. त्या मान हलवत, आणि संध्याकाळी मामाजी परतले की काडी खुंटीवर, वजन तारेवर आणि झोळ केसभर. “जैसे थे!”

वर्षं गेली. देश स्वतंत्र झाला त्याच्या सुमाराला टांगलेली काडी निवडणुका झाल्या तरी हलली नाही. मामाजी आधी चिडले, मग अस्वस्थ झाले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं की माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांना काचेबद्दल आदर वाटू लागला होता. “वाहत नाही, जवाई,” एका रविवारी ते हळूच म्हणाले. “इतकी वर्षं वजन झेलून राहिली, पण मोडली नाही, लवली नाही. दुनियेने हिच्यावर खोटा आळ घेतला. सारी बाजारपेठ खोटी, आणि ही एकटी खरी निघाली!” ज्या माणसाने आयुष्यात कुणाला निर्दोष सोडलं नव्हतं, तो काचेला निर्दोष सोडायला निघाला होता. मला गहिवरून आलं. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात ते म्हणाले, “तुम्ही दर रविवारी कायले येता, हे मात्र अजून समजलं नाही.”

निकाल तयार होता, पण तो द्यायचा कुणापुढे? तेव्हाच त्या मासिकात एक सूचना आली. काच आणि काचेसारख्या बिनरांगेच्या पदार्थांवर काम करणाऱ्या देशोदेशींच्या शास्त्रज्ञांची सभा त्या हिवाळ्यात कलकत्त्याला भरणार होती. मामाजींनी ती सूचना वाचली आणि प्रथम त्यांना अर्थातच संशय आला. “इतक्या देशांची माणसं समुद्र ओलांडून येणार, आणि चार दिवस काचेबद्दल नुसती बोलणार? नुसतं बोलायला कुणी बोटीचं भाडं भरतं का? आणि हे बघा, रशियावाले आणि अमेरिकावाले एकाच मांडवात बसणार आहेत. यांच्या घरी पोरगी दिली-घेतली असती तरी हे एका पंगतीला बसले नसते. मग काचेत आहे तरी काय?” मी म्हटलं, “हेच तर तुम्ही जाऊन सांगायचं, मामाजी.” त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एक एक करून विरत गेल्या. डोंगरगडच्या पुढे ते कधी गेले नव्हते. आयुष्यात त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला घरच्यांखेरीज कुणी बसलं नव्हतं, आणि घरचेही बसत ते उठून जाता येत नव्हतं म्हणून.

त्यांनी मजकूर सांगितला, मी इंग्रजी केलं, आणि पत्र गेलं. उत्तर आलं तेव्हा पोस्टमनने ते सगळ्या मोहल्ल्याला दाखवत आणलं. चेकोस्लोव्हाकियातले एक वयोवृद्ध प्राध्यापक मुंबईला उतरून हावड्याच्या गाडीने सभेला जाणार होते. वाटेत ते सकाळी गोंदियाला उतरतील, काडी पाहतील, आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे जातील. काडीची साक्ष त्यांना पटली तर मामाजींनी त्यांच्याबरोबर त्याच गाडीने कलकत्त्याला यावं. सभेत बोलायला वेळ मिळवून देणं त्यांच्याकडे लागलं. मामाजींनी पत्राला टिचकी मारली. मग शिंप्याकडे जाऊन बंद गळ्याचा कोट शिवायला टाकला, आणि शिंपी कापड चोरतो म्हणून तो शिवून होईपर्यंत त्याच्या दुकानातच बसून राहिले.

गोरा माणूस एक काडी पाहायला गोंदियात उतरणार, यावर गावात एका माणसाने जरी विश्वास ठेवला असेल तर शपथ. धानगिरणीवाले म्हणाले, नवी गिरणी टाकायला येऊन राहिला. विडीवाले म्हणाले, विलायती सिगरेटीवाल्यांनी पाठवला असेल. तुमसरकडे ज्यांच्या खाणी होत्या त्यांना तो मँगेनीज शोधत येणार याची पक्की खबर होती. ठाणेदारसाहेबांनी तर आदल्या दिवशी मला चौकात अडवून विचारलं, “सच बताओ मास्टरजी, काडीच्या नावाखाली काय आहे?” मी म्हटलं, “काडीच्या नावाखाली अडीच शेराचं वजन आहे.” हे उत्तर त्यांना फारच संशयास्पद वाटलं. तात्पर्य, त्या आठवड्यात सारं गोंदिया मामाजींसारखं झालं होतं, आणि मामाजींना प्रथमच आपण चारचौघांसारखे असल्याचं सुख मिळत होतं.

प्राध्यापक उतरले. उंच, वाकलेले, थंडीच्या दिवसात काखेत छत्री. मालकाने हार घालायला हात उंच केले आणि तेवढ्यात प्राध्यापकांचं लक्ष फलाटावरच्या चहावाल्याच्या कंदिलाकडे गेलं. हार हवेतच राहिला. ते कंदिलाशी गेले, वाकले, नखाने काचेला टिचकी मारली आणि कान जवळ नेला. मग मामाजीही पुढे झाले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूने टिचकी मारली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नापसंतीने मान हलवली. आंतरराष्ट्रीय संबंध इतक्या कमी खर्चात जुळलेले मी दुसऱ्यांदा पाहिले नाहीत. चहावाला मात्र ओरडला, “अरे, काच कालच आणलीय जी!”

घरी मामींनी पोहे केले होते. दारात ट्रंक आणि वळकटी बांधून तयार होती, खुंटीवर नवा कोट होता, आणि प्रवासात दोघांना पुरेल असं फराळाचं गाठोडं बांधलेलं होतं. मामींचा भाऊ पाहुण्यांसाठी नव्या तांदळाची पोतडी घेऊन कामठ्याहून आला होता आणि ओट्यावर बसला होता. त्याच्याशेजारी ठाणेदारसाहेब साध्या वेषात, म्हणजे फक्त टोपी काढून, चहा पीत बसले होते. प्राध्यापकांनी पितळी पेल्याने बोटं भाजून घेतली, मामाजींकडे बघून गळ्यातल्या मफलरच्या टोकात पेला धरला, आणि मग कुलूप उघडलं गेलं.

त्यांनी काडी पाहिली. दोऱ्याच्या रेषेत एक डोळा मिटून पाहिली, अगदी मामाजींसारखी. खिशातून भिंग काढून तार जिथे काडीवर बसली होती ती जागा तपासली. मग खाली वाकून काडीच्या पोटाकडून तपासली. मग पुन्हा वरून. आणि मग फार सौम्यपणे त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी तो मराठीत सांगितला. “तारेचा ओरखडा काडीच्या वरच्या अंगाला आहे, तो असायलाच हवा. पण तसाच ओरखडा खालच्या अंगालाही आहे. या वर्षांत ही काडी कधी उलटी झाली होती का?”

मामाजींनी भिंग हिसकावून घेतलं. पाहिलं. आणि जेव्हा त्यांनी वर मान केली तेव्हा त्यांच्या तोंडून शहरी भाषा पळून गेली होती. “कोणं केलं हे? कोणं केलं? काही वर्षं एका अंगाने वाकली अन् उलटी केल्यावर बाकीच्या वर्षांत सरळ झाली, तर मले समजणार कसं? माझा खटलाच बाद करून टाकला ना! दूधवाला! रोज फुकटचं पिऊन घराचा नकाशा पाठ करून राहिला! नाहीतर मालक! त्याले माझ्या जागी भाचा बसवायचा आहे!” हार हातात धरून उभा असलेला मालक दोन पावलं मागे सरला. “अन् तुम्ही, जवाई! दर ऐतवारी कायले येता?”

“मामींच्या पोह्यांसाठी,” मी म्हटलं. खरंच बोललो.

“पोह्यांसाठी!” मामाजी भेसूर हसले, आणि मग त्यांची नजर दारातून ओट्यावर गेली. “कवेलू! जेठात घर उघडं असते!” ठाणेदारसाहेबांनी कधीच टोपी घातली होती. त्यांच्या आठवडाभराच्या तपासाला अखेर एक गुन्हा मिळाला होता. त्यांनी मामींच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला. “क्यों रे, घरात तूच शिरत होता ना?”

“मी त वर राहतो साहेब, छपरावर!” तो बिचारा उभा राहून हात जोडू लागला. “मी काडीले कायले हात लावू?”

“वरून खाली उतरत तर असशील? चल, ठाण्यात बसून बोलू.”

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भांडं आदळल्याचा आवाज आला. मामी चहाची किटली खाली ठेवून पुढे आल्या होत्या. “त्याले सोडा जी,” त्या म्हणाल्या. आमच्याकडे खेड्यातल्या बाया पुरुषांसारखंच ‘करतो’, ‘जातो’ म्हणतात, तशाच त्या म्हणाल्या, “कोणीच नाही केली. मीच फेरतो तिले दर साली.”

मामींना वाटलं, आपण समजावून सांगितलं पाहिजे. “तुम्हीच म्हणलं होतं ना, तुयाच हातानं ठेव म्हणून? मंग मी ठेवो. पण येकाच आंगावर कितीक साल वजन झेलन ते? दमन नाही का? कवेलू फेरतो, गादी फेरतो, उन्हातले पापड फेरतो. मंग हिलेच काऊन तशी ठेवू? येक साल या आंगावर, येक साल त्या आंगावर. म्या त तिची सेवा केली जी.”

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण मामाजींनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी नव्या कोटाकडे एकदा पाहिलं, आणि जो माणूस साहेबापुढे कधी इंग्रजीत बोलला नव्हता तो अडखळत, स्वच्छ आवाजात म्हणाला, “सर, नो थीफ. माय वाइफ. एव्हरी इयर, टर्न.” आणि दोन्ही तळहात पालथे करून दाखवले.

म्हातारा बराच वेळ काडीकडे बघत राहिला. हसला नाही, हे मला आजही त्याचं मोठेपण वाटतं. मग तो मला म्हणाला की बाईंना सांगा, काच दमते का, हाच प्रश्न आम्ही सगळे सोडवायला जमतो आहोत, आणि तो इतक्या मायेने कुणी विचारलेला मी ऐकला नाही. पण उलटी-सुलटी झालेली काडी मी सभेपुढे उभी करू शकत नाही. दुसरी टांगा. काही वर्षांनी अशीच सभा पुन्हा भरेल, कुठल्या तरी दुसऱ्या देशात. मामाजींनी मान हलवली. दुसरा देश म्हणजे किती लांब आणि काही वर्षं म्हणजे किती, हे त्यांच्या वयाला न विचारताही कळत होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने काडीवरचं वजन उतरवलं आणि जमिनीवर ठेवलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या डोळ्यांदेखत ती काडी केसभर वर आली आणि सरळ झाली.

संध्याकाळी ट्रंक घरीच राहिली. मामाजी जुन्याच कोटात प्राध्यापकांची पिशवी घेऊन स्टेशनवर आले. मामीही आल्या, डोक्यावरून पदर घेऊन, चार पावलं मागे. गाडी लागली तेव्हा त्यांनी दोघांसाठी बांधलेलं फराळाचं सगळं गाठोडं त्या परक्या म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि पायाशी वाकल्या. तो गोंधळून त्यांच्यापेक्षा जास्त वाकला. मामाजी खिडकीशी उभे होते. शिट्टी झाली तेव्हा त्यांनी खिडकीच्या काचेवर हलकेच एक टिचकी मारली, पण कान जवळ नेला नाही. गाडी कलकत्त्याकडे निघाली. मागच्या डब्याचा तांबडा दिवा सिग्नलपाशी लहान होत गेला आणि धानगिरणीच्या धुरात मिसळला, आणि ज्या जागेकडे मामाजी बघत होते तिथे बघण्यासारखं काही उरलं नाही.

मामी रडत होत्या. आवाज न करता, पदराच्या आतल्या आत. मामाजी त्यांच्याकडे बघत नव्हते. आता घरी गेल्यावर काय होणार, याचाच मी विचार करत होतो. तेवढ्यात, गोरा माणूस खरोखर गेला याची खात्री करायला आलेले ठाणेदारसाहेब आमच्यापाशी आले. त्यांच्यातला पोलीस अजून बेचैन होता.

“एक बात बताओ मामाजी,” ते म्हणाले. “दूधवाल्यावर शक, मालकावर शक, जवाईवर शक, सख्ख्या साळ्यावर शक. मग घरवालीवर एकदा तरी घ्यायचा होता! पहिल्याच साली विचारलं असतं तर केस तिथेच सुटली असती.”

मामाजी गर्रकन वळले. फलाटावरचे हमाल थांबले, चहावाल्याने कंदील उंच केला, आणि मामींनी पदर बाजूला करून पाहिलं, इतक्या मोठ्याने ते ओरडले, “हिच्यावर? हिच्यावर काऊन घेऊ जी? हिच्याच भरवशावर त मी साऱ्या दुनियेवर संशय घेऊन राहिलो होतो!”